हवामान धोरणाचा ऑनलाइन कोर्स: पाच हप्ते आणि एकतिसावा प्रश्न

हे लिहायला घेतलं तेव्हा मी रागात होते आणि एकच तारा द्यायचा ठरवला होता. मग मध्ये काही घडलं, ते खाली येईलच. कोर्स कुणाचा ते सांगत नाही. ढाचा नेहमीचाच आहे: बारा मॉड्यूल, प्रत्येकाला छोटी क्विझ, शेवटी ४० प्रश्नांची परीक्षा आणि ७० टक्के मिळाले तर सर्टिफिकेट. महिन्याला २,१५० रुपये. जितका वेळ लावाल तितके हप्ते, म्हणजे रिक्षाचं मीटर चालू ठेवून अभ्यास करायचा.

मला हौस नव्हती. मी भोसरीत नट-बोल्टच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आमचा माल युरोपात जातो. तिकडच्या गिऱ्हाइकाने एक एक्सेल शीट पाठवली: एक टन बोल्टमागे किती कार्बन डायऑक्साइड, ते भरून द्या. युरोपियन युनियनचा सीमेवरचा कार्बन कर, ज्याला सगळे सीबॅम म्हणतात, तो हा. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होते. १ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर तिकडच्या आयातदाराला पैसे मोजावे लागणार होते. साहेबांनी शीट माझ्याकडे फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, "मॅडम, हे जरा शिकून घ्या. सर्टिफिकेट आणलंत की फी कंपनी देईल." जुलै २०२५ मध्ये सुरू केलं.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप आहे. विज्ञानाचे पहिले तीन मॉड्यूल मी दोन रविवारांत संपवले. युनिस फूट नावाच्या बाईने १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या, आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली, पुन्हा गार व्हायलाही वेळ लागला. कसली मोठी लॅब नाही, काही नाही. हे मला शाळेत कुणी का सांगितलं नाही?

पण पैसे वसूल झाले ते पाचव्या मॉड्यूलला. १९९२ चा रिओचा हवामान करार आणि त्यातली 'सामायिक पण भिन्न जबाबदारी'. शिकवणाऱ्या बाईंनी कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाची एकच आकडेवारी तीन प्रकारे मांडली. देशाप्रमाणे मोजलं तर चीन, अमेरिका, भारत असा क्रम. माणशी मोजलं तर भारतीय माणूस वर्षाला साधारण २ टन आणि अमेरिकन १४ च्या आसपास. आणि गेल्या दीड-दोनशे वर्षांचा सगळा हिशोब लावला तर आपण आणखीच खाली. ज्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या वर्गणीवरून झालेलं भांडण पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. फ्लॅटमागे घ्यायची की माणसांमागे? आणि ज्यांनी पंधरा वर्षं बोअरचं पाणी उपसून गाड्या धुतल्या त्यांनी जास्त द्यायची की नाही? आमच्याकडे हा ठराव अजून पास झालेला नाही, तर संयुक्त राष्ट्रांत तीस वर्षं लागली यात नवल काय.

ग्लासगोच्या हवामान परिषदेचा तासही असाच. २०२१ मध्ये अगदी शेवटच्या घटकेला मसुद्यात कोळसा 'बंद करत नेणे'च्या जागी 'कमी करत नेणे' आलं, भारताच्या आग्रहाने. एका शब्दासाठी दोनशे देश ताटकळले. व्हिडिओ थांबवून मी ते वाक्य तीनदा वाचलं, कारण आमच्याकडेही ड्रॉइंगवर 'कमाल'चं 'साधारण' झालं की अख्खी लॉट परत येते.

आता किरकोळ तक्रारी. मराठी सबटायटल लावू नका. मशीनने केलेली आहेत. 'कॉप २१' चं, म्हणजे हवामान करारातल्या देशांच्या एकविसाव्या परिषदेचं, तिथे 'एकविसावा पोलीस' होतं आणि करारातल्या 'पार्टी' म्हणजे राजकीय पक्ष. कार्बनचा 'सिंक' म्हणजे कार्बन शोषून घेणारी जंगलं, समुद्र वगैरे. त्याचं काय केलं असेल ते तुम्हीच ओळखा, आमच्या सासूबाई बाजूला बसून भाजी निवडत होत्या, म्हणाल्या, "बेसिन तुंबलंय का कुणाचं?"

स्वतःचं कार्बन पाऊल, म्हणजे आपल्यामुळे किती कार्बन डायऑक्साइड होतो ते, मोजायचं एक साधन आहे, तेही परक्या घरासाठी बनवलेलं. कपडे वाळवायचं मशीन आठवड्यातून किती वेळा लावता? घर गरम करायला तेल की गॅस? पीएमपीची बस नाही, सिलिंडर नाही. मग मी हातानेच केलं. आमच्याकडे सिलिंडर लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करतात. गोल मोजले: एक सिलिंडर ३८ ते ४३ दिवस. १४.२ किलो गॅस जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दिवसाला एक किलो. विजेच्या एका युनिटला देशाची सरासरी साधारण ०.७ किलो. आमचं बिल १८० युनिटचं, महिन्याला सव्वाशे किलोच्या पुढे. सासूबाईंना वाटत होतं गॅसच जास्त असणार. मलाही तसंच वाटत होतं. या एका संध्याकाळसाठी मी अर्धा तारा वाढवते.

ज्यासाठी आले तो सीबॅम? सहा मिनिटं. बारा मॉड्यूलमध्ये सहा मिनिटं, आणि त्यातही निम्मा वेळ नकाशा. लोखंड-पोलादाच्या मालावर पैसे फक्त थेट उत्सर्जनाचे लागतात, विजेचे नाहीत, हे मला नियमावली स्वतः वाचून कळलं. आणि खरा बोजा आमच्या भट्टीचा नाहीच, आम्ही विकत घेतो त्या वायर रॉडचा आहे. रॉड ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे खनिजापासून कोळशावर केलेल्या, पोलादाचा की भंगार वितळवून केलेल्या, यावर आकडा कुठल्या कुठे जातो. एवढं जरी कोर्सने सांगितलं असतं तरी माझे तीन आठवडे वाचले असते.

असो. आता प्रश्न क्रमांक ३१.

ऑक्टोबरच्या शेवटी परीक्षा दिली. पास व्हायला ४० पैकी २८ हवे होते, मला २७ मिळाले. एकतिसावा प्रश्न असा: विकसित देशांनी विकसनशील देशांना हवामान निधी म्हणून दरवर्षी किती रक्कम उभी करून देण्याचं सर्वांत अलीकडचं उद्दिष्ट मान्य केलं आहे? पर्याय १०, १००, ३०० आणि ५०० अब्ज डॉलर. मी ३०० लिहिलं. चूक. 'बरोबर उत्तर: १००, कोपनहेगन, २००९.'

अहो, नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत ३०० ठरलं, २०३५ पर्यंत. भारताच्या प्रतिनिधींनी तिथल्या तिथे उठून ही रक्कम म्हणजे दृष्टिभ्रम आहे असं सुनावलं, कारण मागणी १.३ ट्रिलियनची, म्हणजे १,३०० अब्जांची होती. पेपरात पहिल्या पानावर होतं. प्रश्न काढणाऱ्याने ३०० हा आकडा चकवा म्हणून टाकला असणार आणि बाकूने तो खरा करून ठेवला. धोरण शिकवायचं आणि उत्तरपत्रिका गोठवून ठेवायची, हे कसलं शिकवणं?

पुन्हा परीक्षा द्यायला १४ दिवस थांबावं लागतं. त्यात हप्त्याची तारीख येते. म्हणजे त्यांच्या चुकीचे २,१५० माझ्या खिशातून. तक्रार टाकली. पहिलं उत्तर यंत्राचं: ब्राउझर बदलून पाहा. दुसरंही यंत्राचंच: तुमच्या शिकण्याच्या प्रवासाला शुभेच्छा. तिसऱ्या मेलला मी बाकूच्या निर्णयातला परिच्छेद जोडला आणि ठळक अक्षरांत ३०० लिहिलं. मग गप्प. इथवर लिहून मी एक तारा देऊन मोकळी होणार होते.

दोन आठवड्यांनी पुढचं लिहिते आहे. चौथ्या मेलला माणसाचं उत्तर आलं, कोर्सच्या कुणा सहायकाचं, आणि ते वाचून मी थोडी वरमले. त्याचं म्हणणं, २०१५ च्या पॅरिसच्या निर्णयात १०० अब्जांचं उद्दिष्ट २०२५ पर्यंत चालू ठेवायचं ठरलं होतं आणि त्याच १०० ला तळ मानून नवं उद्दिष्ट ठरवायचं होतं. म्हणजे मी परीक्षा दिली त्या दिवशी १०० चालूच होतं. मी मूळ परिच्छेद काढून पाहिला. आहे तसं. पण प्रश्नात 'सर्वांत अलीकडचं' हा शब्द आहे की नाही? एका शब्दावर ग्लासगो अडलं, हे यांनीच मला शिकवलं ना? तेच लिहून पाठवलं.

ते वाक्य बहुधा त्याला आवडलं. दुसऱ्याच दिवशी मेल: प्रश्न संदिग्ध आहे हे मान्य, तो सगळ्यांच्याच परीक्षेतून काढून टाकला आहे, निकाल पुन्हा मोजला जाईल. मी ऑफिसात पेढे सांगायच्या बेतात होते. निकाल आला: ३९ पैकी २७. ६९.२ टक्के. नापास.

पाचवा हप्ता भरला. दुसऱ्यांदा ३९ पैकी ३५ मिळाले. खोटं का बोला, या भांडणापायी निधीचा अख्खा मॉड्यूल मी मूळ निर्णयांसकट वाचून काढला होता. कोर्सला साडेतीन तारे. सीबॅमसाठी घेत असाल तर घेऊ नका. बातम्यांतली ती सगळी कॉप म्हणजे काय भानगड आहे हे कळावं असं वाटत असेल तर जरूर घ्या, फक्त हप्त्याची तारीख बघून परीक्षेला बसा.

सर्टिफिकेट आणि पाच पावत्या साहेबांसमोर ठेवल्या. त्यांनी सर्टिफिकेट पाहिलं, पावत्या मोजल्या आणि चार हप्ते मंजूर केले. पाचवी पावती माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ही नापासाची आहे ना, मॅडम?"