पाळीच्या दुखण्यावर चिकटवायचा हीट पॅच, लेकीसाठी घेतला आणि कामाचा निघाला

माझी लेक १४ वर्षांची. पाळी आली तेव्हा सुरुवातीला काहीच त्रास नव्हता आणि मग एकदम पहिल्या दिवशी कळा यायला लागल्या. डॉक्टर म्हणाल्या बऱ्याच मुलींचं असंच होतं, दर महिन्याला बीज सुटायला लागलं की दुखणं सुरू होतं, गर्भाशयाच्या आतल्या थरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि त्याने गर्भाशय आवळतं. शेकलं की बरं वाटतं हे माहीत होतंच, पण गरम पाण्याची पिशवी शाळेत कशी नेणार, म्हणून हे पॅच मागवले.

पाकीट फोडलं की आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागते आणि पॅच आपोआप गरम होतो, वायर नाही चार्जिंग नाही. लगेच नाही हां होत, थोडा वेळ जातो, म्हणून घरातून निघायच्या आधीच लावायचा. ती चड्डीला बाहेरून, बरोबर ओटीपोटावर येईल असा चिकटवते, वरून युनिफॉर्म घातला की कुणाला कळत पण नाही आणि तिच्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. आधी बाकावर पोट दाबून वाकून बसायची, आता वर्गात नीट बसून लिहिते. दुखणं पूर्ण जात नाही पण कळेचा जोर कमी होतो.

घाम आला की कडा सुटतात, पाकिटावर ८ तास लिहिलंय पण शेवटी शेवटी नुसता कोमट राहतो. आणि थेट कातडीवर लावायचा नाही, लावून झोपायचं तर अजिबात नाही, भाजू शकतं.

जास्त दुखलं की डॉक्टरांनी सांगितलेली आयब्युप्रोफेन देते, काहीतरी खायला घालून आणि कळा सुरू होताच, कारण ती गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करते, मग उगाच वाट कशाला बघायची. "सवय लागेल" म्हणून मुलींना नुसतं सहन करायला लावतात ना, त्याचा मला फार राग येतो. शेक आणि गोळी दोन्ही करूनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर मात्र डॉक्टरांना पुन्हा दाखवाच, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या थरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, या वयातही असू शकतो.

मी परत घेणार. फक्त कंपनीने छोटा साइज काढायलाच हवा, हा मोठ्या बाईच्या मापाचा आहे, बारीक मुलीच्या पोटावर बसल्यावर मधेच दुमडतो.