१५ किलोची बॅग, वरून चिकटवलेली तारीख आणि हात वर करणारी ऑफिसं

आधीच सांगतो, मी डोळे झाकून माल घेणारा नाही. माझ्या कुत्र्यासाठी, शेरूसाठी, खाणं घेताना घटकांची यादी वाचतो. (पहिला घटक चिकन दिसला म्हणून खूश होऊ नका, यादी शिजवण्याआधीच्या वजनाने लावतात आणि ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं.) तरी गंडवलंच. ऑनलाइन विक्रेता, रेटिंग झकास, नेहमीचाच ब्रँड, ४० टक्के सूट, का तर म्हणे गोडाऊन रिकामं करतोय. १५ किलोच्या २ बॅगा घेतल्या. पुढचं तुम्हाला माहितीये, जुना माल, नवी तारीख.

राग कशाचा येतो सांगू? सगळं समोर होतं. बॅगेची शिवण परत घातलेली, जुन्या भोकांची रांग बाजूलाच दिसत होती, माझं बोटसुद्धा फिरलं त्यावरून. तारीख पिशवीवर छापलेली नाही, पांढऱ्या स्टिकरवर. नखाने कोपरा उचकटला असता तर तिथेच कळलं असतं, पण घरी आलेल्या बॅगेचे स्टिकर कोण उचकटत बसतं हो? लॉट नंबरच्या (माल कुठल्या खेपेतला ते सांगणारा नंबर) जागी पुसट पट्टा, मला वाटलं वाहतुकीत घासला असेल. उघडली तर खवट तेलाचा वास. आणि शेरू, जो रिकामी वाटीसुद्धा घरभर ढकलत चाटतो, त्याने हुंगलं आणि मागे सरकला. घरचे म्हणाले नखरे आहेत, कोमट पाणी घालून दे. दिलं. तुम्हीही दिलं असतं.

मग उलट्या, मरगळ, हिरड्या पिवळ्या. रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे चढलेले. डॉक्टरांना संशय अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे मका वगैरे धान्यावरच्या बुरशीचं विष, पण खाणं तपासल्याशिवाय तसं लिहून देता येत नाही म्हणाले. हे विष शिजवून जात नाही आणि दाण्याकडे बघून कळतही नाही. अमेरिकेत मर्यादा २० पीपीबी आहे, म्हणजे किलोमागे २० मायक्रोग्रॅम, डोळ्यांना काय कप्पाळ दिसणार!

विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "सर, प्रोटीन २६ टक्के आहे, एएएफसीओ अप्रूव्हड माल आहे." अरे, एएएफसीओ म्हणजे अमेरिकेतली पशुखाद्य अधिकाऱ्यांची संघटना, ती कुठलंच खाणं अप्रूव्ह करत नाही! ते फक्त निकष ठरवतात. हे शब्द दिसले की तिथूनच मागे फिरा. आणि प्रोटीनच्या आकड्याचं कौतुक मला नको. नेहमीची टेस्ट नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते. २००७ मध्ये अमेरिकेत प्राण्यांच्या खाण्यात घातलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन, म्हणजे नायट्रोजन भरपूर असलेलं रसायन, निघालं ते ह्याच पळवाटेतून, कागदावर प्रोटीन भरपूर आणि कुत्र्यामांजरांच्या किडन्या निकामी.

आता ऑफिसं. अन्नवाले म्हणतात आम्ही माणसांचं बघतो. जनावरांचं खातं म्हणतं आम्ही रोग बघतो, व्यापार नाही. ग्राहक तक्रारवाले म्हणतात लॅब रिपोर्ट आणा. लॅब म्हणते सीलबंद नमुना आणि लॉट नंबर पाहिजे. विक्रेता म्हणतो उघडलेली बॅग परत घेत नाही. कंपनी म्हणते लॉट नंबर नाही तर माल आमचा कशावरून? म्हणजे ज्याने नंबर पुसला त्याचंच भलं! सगळे कसे गोड बोलतात, "फॉर्म भरा सर". भरला. अर्धवट माहितीमुळे परत. पुन्हा भरला. मग मेसेज, तक्रारीचं निवारण झालं आहे. कुणाचं निवारण केलं रे?

खाणं डब्यात ओतून पिशवी फेकू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा, लॉट नंबर तिच्यावरच असतो. उघडण्याआधी शिवण, तारीख, नंबर यांचे फोटो काढा आणि बॅग वजन करून बघा, माझी १३.६ किलो भरली. सुटं खाणं तर घेऊच नका. कुत्रा नेहमीचं खाणं अचानक नाकारत असेल तर आधी बॅगेवर संशय घ्या, मग कुत्र्यावर. हिरड्या पिवळ्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

शेरूची लिव्हरची औषधं अजून चालू आहेत. दुसरी बॅग मी फोडलेली नाही. नंबर नसलेला नमुना घेणारी लॅब कुणाला माहिती असेल तर सांगा, कारण तो विक्रेता नाव बदलून तेच फोटो लावून विकतोय, सूट आता ४५ टक्के.