व्हॉल्व्ह प्लेट घासून घ्यायची की नवी टाकायची?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून किनाऱ्यावरचे बर्फवाले आणि मासळीच्या कोल्ड रूमवाले कॉम्प्रेसरची कामं याच दिवसांत काढतात. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं की फिटरचा प्रश्न ठरलेला: त्याखालची प्लेट (हिच्यावरच्या पातळ पत्त्या उघडझाप करून गॅस आत घेतात, बाहेर सोडतात) घासून देऊ, की नवी आणता?

आधी दोष तिथेच आहे का बघा. सेमी-हर्मेटिक मशीनचा (मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बोल्टबंद खोळीत) सक्शन व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस आत येण्याची वाट, बंद करून थोडाच वेळ चालवा. सक्शनच्या गेजवर दाब खाली उतरतच नसेल तर संशय सक्शनच्या पत्तीवर. उतरला, पण मशीन थांबताच काटा भराभर चढला, तर डिस्चार्जची, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी, पत्ती किंवा हेडचं पॅकिंग. तेलात मुरलेला गॅस उकळूनही काटा चढतो; दोन-तीनदा करून पाहा.

घासून घेणं स्वस्त, यात वाद नाही. सीटवर, म्हणजे पत्ती टेकते त्या जागेवर, नुसते बारीक ओरखडे असतील आणि नव्या पत्त्या सुट्या मिळत असतील तर चालतंही. पण प्लेट वर्कशॉपला गेली की मशीन दोन दिवस उघडं. आर-४०४ए गॅसवर चालणाऱ्या मशीनमधलं पीओई (कृत्रिम) तेल हवेतली ओल ओढून घेतं, आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जूनच्या हवेत ओलीशिवाय असतं काय? नवी प्लेट हातात असेल तर हेड तासा-दोन तासांत बंद होतं. माझा कौल म्हणून नव्या प्लेटला. मात्र ती हातात आल्याशिवाय बोल्टला पाना लावू नका. ओल शोषणारा ड्रायर बदलणं आणि पंपाने आतली हवा-ओल ओढून व्हॅक्यूम काढणं दोन्हीकडे आलंच.

बर्फ कारखान्यातल्या अमोनियाच्या मोठ्या मशीनची गोष्ट निराळी. तिथे रिंग प्लेट (पत्तीच्या जागी असणारी गोल चकती) आणि स्प्रिंगा सुट्या बदलता येतात, सीट घासणंही नेहमीचं. तिथे नव्याचा हट्ट नको, फक्त तांब्या-पितळेचा भाग आत जाऊ देऊ नका.

हेडचं पॅकिंग मात्र शीट कापून करू नका. जाड झालं तर पिस्टनच्या डोक्यावर मोकळी जागा वाढून थंडावा घटतो. पातळ झालं तर पिस्टन पत्तीवर आदळतो. जुनीच पत्ती उलटी करून बसवणारेही भेटतात. त्यांना चहा पाजा आणि निरोप द्या.

पत्ती मोडली असेल तर प्लेट कुठलीही घ्या, मोडण्याचं कारण शोधलं नाहीत तर पुन्हा मोडेल. बहुतेकदा सक्शनमधून द्रव गॅस परत आलेला असतो. पत्तीवर कार्बन साचला असेल तर मशीन जास्त तापलेलं असतं; खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या कंडेन्सरच्या पात्या तपासा.

आणि मोडक्या पत्तीचे तुकडे कागदावर जुळवून बघा. एखादा कमी भरला तर तो सिलिंडरमध्ये असू शकतो.