सिंकखालचा आरओ, सिंकखालचा साधा फिल्टर, की भिंतीवरचाच बरा?

स्वयंपाकघराचे नवे काम निघाले की प्युरिफायर भिंतीवरून उतरवून सिंकखालच्या कपाटात नेण्याचा विषय हमखास निघतो. ओटा मोकळा दिसतो, भिंतीवर कपाटाला जागा मिळते आणि ओट्यावर फक्त एक बारीक, वाकड्या मानेचा नळ उरतो. मात्र या निर्णयात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पाण्यावर कोणती प्रक्रिया हवी, हा पहिला. आणि यंत्र कुठे बसवायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नळाला येणाऱ्या पाण्यात असते, तर दुसऱ्याचे उत्तर त्या यंत्राकडे पुढची पाच-सात वर्षे घरातले कोण लक्ष देणार आहे, यावर ठरते. दुकानात या दोन्हींची चर्चा क्वचितच होते. तिथे यंत्राचे किती टप्पे आहेत, हेच मोजून दाखवले जाते.

येथे तीन पर्याय शेजारी ठेवून पाहिले आहेत: दाबाची टाकी असलेला सिंकखालचा आरओ (दाबाने पाणी मेंब्रेनमधून, म्हणजे अतिबारीक पडद्यातून, ढकलून क्षार काढणारा), आरओविना चालणारा सिंकखालचा फिल्टर (गाळणारी कँडल, कार्बन, यूएफ म्हणजे सूक्ष्म छिद्रांची गाळणी, आणि जमल्यास यूव्ही म्हणजे जंतू मारणारा अतिनील दिवा), आणि नेहमीचा भिंतीवरचा आरओ.

आधी पाणी

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, एकूण विरघळलेल्या क्षारांची म्हणजे टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. खडकवासल्यातून पुण्याला किंवा भातसा आणि वैतरणेतून मुंबईला येणारे धरणाचे पाणी या मर्यादेच्या बरेच खाली असते. अशा पाण्याला आरओ लावणे म्हणजे जे क्षार मुळात त्रासाचे नाहीत तेच काढून टाकणे आणि त्यासाठी चांगले पाणी गटारात सोडणे होय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यासाठी आरओ वापरण्यावर बंदी घालण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते, त्यामागचा विचार हाच होता.

याउलट अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, किंवा यवतमाळ आणि नांदेडमधल्या फ्लोराइडयुक्त भूजलाच्या गावांत साधा फिल्टर लावून उपयोग नाही. यूएफची छिद्रे सुमारे ०.०१ मायक्रॉनची असतात. त्यांत गाळ आणि जिवाणू अडकतात, पण विरघळलेले क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेट सरळ पार होतात. तिथे आरओला घरगुती पर्याय फारसा उरत नाही. शहराच्या कडेच्या, बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांचेही बहुधा हेच असते.

टीडीएस मीटर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि तो घ्यावाच, पण त्याची मर्यादा ओळखून घ्यावा. तो फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो. जंतूंबद्दल तो काहीही सांगत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर गेला आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. असा जिवाणू असलेले पाणी टीडीएस मीटरवर उत्तम दिसू शकते. त्याच्यासाठी यूव्ही, यूएफ किंवा सरळ पाणी उकळणे हे उपाय आहेत. बोअरचे पाणी असेल तर नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी प्रयोगशाळेत नमुना द्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत तशी तपासणी होते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात कोणतीही सवलत नाही. पाणी उकळल्याने ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढते.

दाब, वीज आणि जागा

आरओच्या मेंब्रेनमधून पाणी ढकलायला दाब लागतो, आणि आपल्याकडच्या गच्चीवरच्या टाक्यांतून तो पुरेसा मिळत नाही. दर मीटर उंचीमागे जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर तीन मीटरवर असताना, नळाला ०.३ बारच्या आसपासच दाब असतो. म्हणून भारतातल्या आरओंना २४ व्होल्टचा बूस्टर पंप असतो, आणि पंप आला की अडॅप्टर आणि प्लग पॉइंट आलाच. सिंकखाली असा पॉइंट बहुतेक घरांत नसतो. तो काढून घ्यायचा असेल तर बाजूच्या भिंतीवर, कपाटाच्या तळापासून फूटभर तरी वर आणि सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपाच्या खाली येणार नाही अशा बेताने घ्यावा. बारा मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर अडचण उलटी असते: तिथे दाब तीन बारच्या वर जातो आणि दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावला नाही तर जोड सुटतात.

यूव्ही नसलेला कार्बन-यूएफ फिल्टर विजेशिवाय चालतो, ही त्याची मोठी सोय आहे. मात्र वरच्या मजल्यावर त्याची धार करंगळीएवढी होते. तांब्या भरायला उभे राहावे लागते.

सिंकखालच्या आरओला स्वतंत्र दाबाची टाकी लागते. नेहमीच्या ३.२ गॅलनच्या, म्हणजे नावाला १२ लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात सुमारे ८ लिटर पाणी मावते, कारण उरलेल्या जागेत रबरी पिशवीमागची हवा असते. ७५ जीपीडीचे, म्हणजे दिवसाला ७५ गॅलनचे, मेंब्रेन आदर्श स्थितीत तासाला १२ लिटर पाणी देते, पण टाकी भरत आली की तिचा उलटा दाब वाढून गती मंदावते, म्हणून रिकामी टाकी भरायला तासभर धरून चालावे. पाहुणे आलेल्या दिवशी हे लक्षात येते. टाकीविना चालणारे ४०० जीपीडीचे नवे आरओ मिनिटाला सुमारे एक लिटर पाणी लगेच देतात आणि जागाही वाचवतात, पण वीज गेली की त्यांच्यात थेंबभरही साठा नसतो, आणि बराच वेळ बंद राहिल्यावरचा पहिला पेला जास्त टीडीएसचा येतो.

कपाटात काय काय आहे ते मोजून पाहिल्याशिवाय यंत्र मागवू नये. सिंकचे भांडे, त्याखालचा सांडपाण्याचा पाइप, कचऱ्याचा डबा, कुठे कुठे गॅसचा पाइप किंवा सिलिंडर, हे सगळे जाऊन जी जागा उरते तिच्यात फिल्टरचे हाउसिंग उघडायला खाली हात जाईल एवढी मोकळीक हवी. भरलेली टाकी दहा-बारा किलोची होते, आणि साध्या प्लायच्या तळावर ती ठेवली तर एखाद्या गळतीनंतर तो तळ फुगून बसतो.

बसवताना

काम अवघड नाही, पण तीन ठिकाणी ते बिघडते.

पहिले ठिकाण म्हणजे ग्रॅनाइटमधले भोक. नळासाठी साधारण १२ मिलिमीटरचे भोक लागते आणि ते हिऱ्याच्या कोअर बिटनेच, ड्रिलचा हातोडा बंद ठेवून पाडावे लागते. भोकाभोवती कणकेचे किंवा पुट्टीचे कडे करून त्यात पाणी साठवतात, म्हणजे बिट तापत नाही. शेवटच्या पाच-सहा मिलिमीटरला जोर कमी करावा, नाहीतर खालच्या बाजूने दगडाची कपची उडते. काठापासून चार-पाच सेंटिमीटर आत राहावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी इथेच थांबून भिंतीवरच्या यंत्राकडे वळावे. मालकाच्या ओट्याला भोक पाडून कोणतेही डिपॉझिट पूर्ण परत येत नाही.

दुसरे ठिकाण नळ्यांच्या जोडांचे. पाव इंची नळी धारदार पात्याने काटकोनात कापून, जोडात सुमारे दीड सेंटिमीटर आत जाईपर्यंत दाबावी लागते. पहिल्या अडथळ्यावर थांबले की ती बसल्यासारखी वाटते, पण रात्री इमारतीत पाण्याचा वापर थांबून दाब चढला की सुटते. म्हणून नळीवर पेनाने खूण करावी, लॉक क्लिप लावावी आणि झोपण्यापूर्वी प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवावा. सकाळी कोणता टिश्यू ओला आहे ते पाहिले की गळती नेमकी सापडते. नळ्या थोड्या सैल, वेटोळे करून ठेवाव्यात, म्हणजे देखभालीच्या वेळी पूर्ण यंत्र कपाटाबाहेर ओढता येते. अँगल कॉकनंतर यंत्राला स्वतंत्र बंद करण्याची चावी हवीच.

तिसरे ठिकाण वाया जाणाऱ्या पाण्याचे. आरओसोबत येणारी पकड चाळीस मिलिमीटरच्या सरळ, कडक पाइपावर बसते, आणि आपल्याकडे बहुतेक सिंकखाली वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप असतो, ज्याच्यावर ती पकड धरत नाही. मग तंत्रज्ञ नळी त्या पाइपाच्या तोंडात तशीच खोचून निघून जातो. तिथून वास येतो आणि झुरळांना वाट मिळते. पाइपाचा वरचा तुकडा सरळ पीव्हीसीचा करून घेतला की हा प्रश्न कायमचा सुटतो.

माझ्या मते भिंतीवरच्या आरओचा खरा फायदाही याच नळीत आहे. ती सिंकमध्ये लोंबताना दिसते, म्हणून तिच्याखाली बादली लागते. सिंकखालच्या यंत्रात तेच पाणी न दिसता गटारात जाते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जाते असे धरले, तर पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर वापरणाऱ्या घरात ६० लिटर पाणी जाते, म्हणजे वर्षाला सुमारे २२,००० लिटर. दहा हजारांचे दोन टँकर आणि वर थोडे. सिंकखाली आरओ घ्यायचाच असेल तर ती नळी ड्राय बाल्कनीतल्या पिंपापर्यंत न्यावी. ते पाणी फरशी, संडास आणि भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालते. कुंड्यांना घालू नये, कारण आत येणारे पाणी ८०० टीडीएसचे असेल तर वाया जाणारे हजाराच्या वर जाते.

देखभाल

गाळाची कँडल, जिला दुकानात ‘स्पन’ म्हणतात, तीन ते सहा महिन्यांत बदलावी लागते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले तर त्याहून लवकर. भिंतीवरच्या यंत्राबाहेर पारदर्शक हाउसिंगमध्ये ती तपकिरी होताना रोज दिसते. कपाटात ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तंत्रज्ञाच्या फोनची वाट पाहते. म्हणून सिंकखालच्या यंत्रासाठी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला बदलाची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावावी.

कार्बन सहा महिने ते वर्षभर टिकतो. तो पाण्यातला क्लोरीन शोषतो. त्यामुळे ब्लिचिंगचा वास जातो आणि आरओचे मेंब्रेनही वाचते, कारण क्लोरीनने ते खराब होते. पण क्लोरीन गेल्यावर पुढच्या पाण्यात जंतूंना अडवणारे काही उरत नाही आणि जुन्या कार्बनमध्ये ते वाढू शकतात, म्हणून संपलेला कार्बन यंत्रात तसाच राहणे हे फिल्टर नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते. तो संपला का, हे पाहायला ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक करतात तीच ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीन द्रावणाने होणारी क्लोरीनची चाचणी, उपयोगी पडते. कार्बनमधून बाहेर आलेल्या पाण्याच्या नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर तो पिवळा झाला तर क्लोरीन पुढे येत आहे, म्हणजे कार्बन संपला. तपासलेला नमुना पिऊ नये, ओतून टाकावा.

मेंब्रेनचा निर्णय कंपनीच्या कॅलेंडरवर सोडू नये. आत ८०० आणि बाहेर ६० असे आकडे असतील तर मेंब्रेन ९२ टक्क्यांहून अधिक क्षार अडवत आहे आणि त्याला हात लावण्याचे कारण नाही. हे प्रमाण ८० टक्क्यांखाली घसरले की बदलावे. मात्र हे मोजताना टीडीएस कंट्रोलर बंद हवा, कारण तो शुद्ध पाण्यात थोडे कच्चे पाणी मिसळतो आणि आकडे फसवतात. यूव्हीचा दिवा साधारण ८,००० तासांनंतर निळा उजेड देत राहतो, पण जंतू मारण्याची त्याची ताकद तोवर उतरलेली असते.

दाबाच्या टाकीकडे फार थोडे लोक लक्ष देतात. नळ उघडल्यावर पहिला पेला जोरात आणि नंतर धार एकदम मंद, पण टाकी उचलून पाहिली तर जड, असे झाले की हवा कमी झालेली असते. टाकी रिकामी करून तिच्या तळाशी असलेल्या, गाडीच्या टायरला असतो तशा व्हॉल्व्हमधून ७-८ पीएसआय हवा भरली की काम होते. आठवड्याहून अधिक घर बंद असेल तर परतल्यावर टाकी दोनदा पूर्ण रिकामी करावी.

वार्षिक करार करताना मेंब्रेन आणि पंप त्यात धरले आहेत का, एवढे नक्की विचारावे. दहा इंची हाउसिंगचे यंत्र असेल तर कँडल कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. सिंकखालच्या सुबक यंत्रांची फिरवून निघणारी काडतुसे बदलायला सोपी असली तरी त्याच कंपनीकडून घ्यावी लागतात.

कोणी काय घ्यावे

वर्षभर महापालिकेचे पाणी असलेल्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने सिंकखालचा कार्बन, यूएफ आणि यूव्हीचा फिल्टर घ्यावा. त्यात लपवण्यासारखे वाया जाणारे पाणी नाही आणि बदलायचे भागही थोडे आहेत. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी आरओ घ्यावा, आणि ड्राय बाल्कनीपर्यंत नळी नेणे शक्य नसेल तर तो भिंतीवरच ठेवावा. आठ-नऊ महिने धरणाचे पाणी आणि उन्हाळ्यात टँकर, अशी सरमिसळ असलेल्या सोसायट्यांत मे महिन्यातल्या टँकरचे पाणी तपासून घ्यावे. टीडीएस ५०० च्या आत आणि नायट्रेट ४५ च्या आत असेल, तर आरओविना फिल्टर पुरतो. नसेल तर तेवढ्या दोन-तीन महिन्यांसाठीही आरओच लागेल, आणि तो घेताना टीडीएस कंट्रोलरमधून मिसळणारे कच्चे पाणी यूव्हीखालून जाते की नाही, हे तंत्रज्ञाकडून झाकण उघडून, नळी बोटाने दाखवायला लावून पाहावे.