हॅमस्टर की हर्मिट क्रॅब?

मी दोन्ही पाळले आहेत. (हर्मिट क्रॅब म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा.) निवड तुमची, पण एक गोष्ट आधीच सांगतो: खेकड्याला काही करावं लागत नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जमिनीवर राहत असला तरी हर्मिट क्रॅब कल्ल्यांनीच श्वास घेतो आणि टाकीतली हवा कोरडी पडली की हळूहळू गुदमरतो. आर्द्रता ७५ ते ८० टक्के हवी, ऊब हवी. क्लोरीन काढलेलं गोडं पाणी आणि समुद्री मिठाचं खारं पाणी, दोन्ही हवीत. शिवाय बदलायला न रंगवलेले मोठे शंख. ही घडी एकदा बसली की रोजचं काम मात्र हॅमस्टरपेक्षा कमी, वासही फारसा नाही.

हॅमस्टरला ऐसपैस पिंजरा, बीळ करता येईल इतका खोल भुसा आणि पाठ वाकणार नाही एवढं मोठं चाक लागतं. चाकाचा रात्रभर आवाज येतो, पण मला त्याची सवय झाली.

सवय झाली नाही ती खेकड्याच्या कात टाकण्याची. तो ओल्या वाळूत स्वतःला पुरून घेतो आणि आठवडेच्या आठवडे वर येत नाही. मोठा असेल तर महिनेही. उकरून बघायचं नाही, कारण नवं कवच मऊ असतं आणि धक्क्याने तो मरू शकतो. म्हणजे जिवंत आहे की नाही हे कळायला एकच मार्ग, झाकण उघडून वास घेणं. कुजका वास आला तर संपलं. रोज असं झाकण उघडणं माझ्याच्याने होईना. आपल्या जिवाची खुशाली कळू नये, हे मला फार जड गेलं.

हॅमस्टर संध्याकाळी उठतो, दाणे गालात भरतो. तो आजारपण लपवतो खरा, पण रोज नजरेसमोर तरी असतो. आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं, हे दुःख आहेच. खेकडा नीट सांभाळला तर दशकं जगू शकतो. पण विकले जाणारे जवळजवळ सगळे खेकडे किनाऱ्यावरून धरून आणलेले असतात, कारण त्यांच्या अळ्या समुद्रात वाढतात आणि घरी पैदास करणं फार अवघड. हेही मला खटकतंच.

तरीही टाकी राखण्यातच ज्यांचा जीव रमतो, त्यांना कदाचित खेकडाच आवडेल. घेतलात तर एकटा ठेवू नका, त्याला सोबत लागते. सीरियन हॅमस्टर मात्र एका पिंजऱ्यात एकच.