डार्ट नदीवरची जेट बोट, आईसोबत (ग्लेनॉर्की, न्यूझीलंड)

क्वीन्सटाऊनला येणारे आपले बरेच लोक शहराजवळच जेट बोट करतात, गोल गोल फिरवतात, किंचाळतात आणि परत येतात. तुमच्याकडे अर्धा दिवस जास्तीचा असेल तर प्लीज पाऊण तास पुढे ग्लेनॉर्कीला जा आणि डार्ट नदीत वरपर्यंत जाणारी मोठी ट्रिप घ्या, खरंच सांगतोय.

आई ६८ वर्षांची, सांगलीची, कृष्णेच्या काठी वाढलेली, त्यामुळे नदी म्हटल्यावर ती एका पायावर तयार. बोट निघाली, थोडं पुढे गेल्यावर घरं संपली, रस्ता संपला, मग फक्त डोंगर, बर्फ आणि नदी. नदी पण एक नाही, गोट्यांच्या पसरट पात्रात वेणीसारखे दहा प्रवाह फुटलेले. पूर आला की ते जागा बदलतात, म्हणजे गेल्या महिन्यातली वाट आज असेलच असं नाही, ड्रायव्हर पाण्यावरच्या लाटा बघून ठरवतो कुठून घालायची. पाण्याचा रंग ताकात निळी शाई पडावी तसा, कारण वर हिमनदी दगड दळते आणि ती पूड खाली वाहत येते. आई म्हणाली पावसात अलकनंदा पण अशीच गढूळ होते रे.

काही ठिकाणी पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं आणि आम्ही त्यावरून सुसाट! बोटीच्या खाली पंखाच नसतो, तळातून पाणी आत ओढायचं आणि मागच्या नळीतून जोरात फेकायचं, ती नळी वळवली की बोट वळते. १९५० च्या दशकात इथल्याच बिल हॅमिल्टन नावाच्या शेतकऱ्याने हे जमवलं, कारण उथळ नद्यांत साध्या मोटरबोटी चालत नव्हत्या. आणि १९७७ मधे एडमंड हिलरी अशाच जेट बोटी घेऊन गंगासागरपासून वर निघाले होते, नंदप्रयागच्या धबधब्याने त्यांना अडवलं. आईने बद्रीनाथ केलंय, त्यामुळे नंदप्रयाग ऐकल्यावर तिने मला दोनदा सगळं परत सांगायला लावलं.

पण माझ्यासाठी सगळ्यात भारी काय तर ड्रायव्हरने वर एका ठिकाणी इंजिन बंद केलं ती पाच मिनिटं. नुसता पाण्याचा आवाज. आईने हात पाण्यात घातला आणि डोळ्याला लावला. मग बीच नावाच्या झाडांच्या जंगलात थोडं चालणं पण आहे, खोडांवर हिरवं शेवाळ, एकदम शांत.

आता तक्रार. आमची ट्रिप आदल्या दिवशीची होती, नदीला पूर म्हणून रद्द झाली. रद्द केली ते बरोबरच, पण आम्ही तिथे पोचल्यावर सांगितलं, सकाळी एक फोन केला असता तर आईची तेवढी दगदग वाचली असती. दुसऱ्या दिवशी जागा दिली जादा पैसे न घेता, म्हणून एकच स्टार कापतोय.

मोठे कोट ते देतात पण कानटोपी आपली न्या, वारा गार लागतो. चष्म्याला दोरी बांधा. उतरलात की बारीक काळ्या माश्या फोडून काढतात, मलम आधीच चोळून ठेवा. पाठीचं दुखणं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, मधेमधे दणके बसतात. आणि ह्या ट्रिपनंतर एक दिवस मोकळा ठेवा, आमच्यासारखा पूर आला तर उपयोगी पडेल.