जुन्या गाडीच्या स्टिरिओला फोन जोडताना: ऑक्स केबल की एफएम ट्रान्समीटर?

आधी स्टिरिओच्या दर्शनी भागावर ३.५ मिमीचं गोल भोक आहे का ते बघा. कधी ते ग्लोव्ह बॉक्समध्येही दडलेलं असतं. सापडलं, तर माझं मत सरळ ऑक्स केबलला, म्हणजे फोन आणि स्टिरिओ थेट जोडणाऱ्या तारेला. तबल्याची थाप, तानपुऱ्याची आस, सगळं स्वच्छ ऐकू येतं. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि स्टिरिओचा बेताचा, म्हणजे खरखर वर येत नाही. एकच त्रास: फोन गाडीतच चार्जिंगला लावला की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शीळ सुरू होते. हा ग्राउंड लूप, म्हणजे चार्जर आणि ऑक्स केबल अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्याने होणारा घोळ. केबलच्या मध्ये छोटा आयसोलेटर (थेट विद्युत जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी) बसवला की ती शीळ थांबते. मी तो बसवला तेव्हा कितीतरी दिवसांनी दोन ओळींमधली शांतता ऐकली!

एफएम ट्रान्समीटर लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो, फोनशी ब्लूटूथने जोडला जातो, फोनचा आवाज एफएम लहरींवर गाडीच्या रेडिओला पाठवतो आणि रेडिओ असलेल्या जवळपास कुठल्याही गाडीत चालतो. पण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये रिकामी जागा शोधावी लागते, आणि लांबच्या प्रवासात तीच जागा पुढच्या गावचं स्टेशन बळकावतं. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर गळतात. बातम्या, गप्पा ऐकायला मात्र तो पुरेसा आहे.